घरच्या टाकीत गप्पीचा वाण कसा घडवावा

गप्पी मासा नागपूरकरांना नवा नाही. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही भिंतींवरची ओळ वाचत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. अजूनही डेंग्यूचे दिवस आले की महापालिकेची माणसे कूलरच्या टाक्या तपासत फिरतात आणि साचलेल्या पाण्यात गप्पी सोडतात. मत्स्यालयाच्या दुकानात रुंद लाल शेपटीचा जो दिमाखदार मासा पिशवीत भरून मिळतो, तो आणि हा नालीतला करडा मासा एकाच जातीचे, हे मात्र अनेकांना खरे वाटत नाही. दोघांचेही शास्त्रीय नाव पोइसिलिया रेटिक्युलाटा. मूळ गाव त्रिनिदाद, व्हेनेझुएला आणि आसपासचा दक्षिण अमेरिकेचा किनारा. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतात आणला गेला. दुकानातल्या माशाचा रंग आणि शेपटी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मिळवली. जोंधळ्याची टपोरी कणसे बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवणारा शेतकरी जे करतो, तेच.

हे काम घरी करता येते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चार टाक्या, एक वही आणि नको असलेला मासा वेळेवर बाजूला करण्याची तयारी लागते.

आधी क्लोनचे बोलू

एखादा नर फारच देखणा निघाला की प्रत्येक हौशी माणसाच्या मनात येते, याची हुबेहूब नक्कल काढता आली तर! माशांचे क्लोन निघतात, हे खरे आहे. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी झेब्रा माशाचे क्लोन तयार केले आणि १९८१ साली ते काम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. मासा आपल्याच उपखंडातला. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याची नोंद केली होती. स्ट्रायसिंगर यांनी वापरलेल्या काही मासोळ्या तर चक्क पाळीव प्राण्यांच्या दुकानातून विकत आणलेल्या होत्या. आज मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी झेब्रा माशावर संशोधन चालते.

स्ट्रायसिंगर यांची पद्धत थोडक्यात अशी. नराचे शुक्राणू अतिनील किरणांनी निकामी करायचे. त्यांच्या स्पर्शाने अंडे वाढीला लागते, पण बापाचे गुणधर्म त्यात उतरत नाहीत. मग नेमक्या मिनिटाला उष्णतेचा धक्का देऊन अंड्याचे पहिले विभाजन रोखायचे, म्हणजे आईकडून आलेल्या गुणसूत्रांचा संच दुप्पट होतो. अशा मादीच्या अंड्यांवर पुन्हा तीच क्रिया केली की निघणारी पिल्ले एकमेकांच्या नकला असतात. हे जमले, कारण झेब्रा मासा अंडी पाण्यात टाकतो. गप्पीची मादी पिल्लांना जन्म देते आणि तिच्या अंड्यांचे फलन पोटात होते. त्यामुळे ही युक्ती गप्पीला लागू पडत नाही.

निसर्गातही क्लोन माशांचे उदाहरण आहे, आणि ते गप्पीच्या जवळच्या नात्यातले. मेक्सिको आणि टेक्सासच्या पाण्यात अ‍ॅमेझॉन मॉली नावाचा मासा राहतो. त्याच्यात सगळ्या माद्याच. दुसऱ्या जातीच्या नराचा शुक्राणू फक्त अंडे जागे करण्यापुरता लागतो. पिल्ले आईची नक्कल म्हणून जन्मतात. ही गोष्ट १९३२ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आली. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या क्लोन पिल्लांना जन्मापासून एकसारख्या परिस्थितीत वेगवेगळे वाढवले, तरी प्रत्येकीचा स्वभाव निराळा निघाला. नक्कल काढली तरी मासा तोच निघेल याची हमी नसते, असा त्याचा अर्थ.

आपल्याला क्लोनच्या जवळ नेणारी एकच वाट आहे. सख्ख्या भावंडांचे सलग वीस पिढ्या मीलन केले, तर प्रयोगशाळेतल्या शुद्ध वाणाइतका एकसारखेपणा येतो. गप्पीच्या वर्षाला तीन पिढ्या धरल्या तर सहा-सात वर्षे लागतील, आणि तोवर बहुतेक वाण अशक्त होऊन संपलेला असेल. म्हणून हुबेहूबपणाचा हट्ट सोडावा आणि ‘ओळखू येण्याइतका सारखा, पण दणकट’ एवढेच ध्येय ठेवावे. पुढची सारी पद्धत त्यासाठी आहे.

कोणता मासा, किती, कुठून

निवड-पैदास शिकायला गप्पीइतका सोयीचा मासा नाही. गोल्डफिश शेकडो अंडी घालतो, पण वयात यायला वर्षभर घेतो. फायटरचे नर भांडतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी लागते. गप्पी साधारण चार आठवड्यांच्या अंतराने वीस ते पन्नास पिल्ले देतो आणि तीन-चार महिन्यांत पुढची पिढी उभी करतो.

आपल्या दुकानांत येणारा बराच माल कोलकाता आणि चेन्नईकडचा असतो. प्रवासाने मासे थकलेले असतात, म्हणून नवा माल आला त्याच दिवशी खरेदी करू नये. चार-पाच दिवस थांबावे. त्या टाकीत मर झाली नाही, मासे खाताहेत, पर अंगाशी मिटून घेतलेले नाहीत, हे पाहूनच घ्यावेत. ‘मिक्स गप्पी’ स्वस्त असतो, पण त्यातून वाण घडवायला निम्मे आयुष्य जाईल. एकाच नावाचा, एकाच टाकीतला माल घ्या. नवशिक्याने एकरंगी वाण धरावा: फुल रेड किंवा ब्लॅक मॉस्को. कोब्रासारख्या नक्षीदार माशात चांगले-वाईट ओळखायला नजर तयार व्हावी लागते. अल्बिनोचे डोळे उजेडाला नाजूक असतात, त्याला पहिल्या वर्षी हात लावू नका. सुरुवातीला दोन नर आणि चार माद्या पुरेत. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

दुकानातली मादी जवळजवळ नेहमीच आधीची गाभण असते, ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शिवाय ती नराचे शुक्राणू पोटात महिनोन्‌महिने साठवून ठेवते. तुम्ही घरी कितीही देखणा नर तिच्याशेजारी सोडा, पहिली काही बाळंतपणे दुकानातल्या कुठल्या तरी अनोळखी नराची असू शकतात. म्हणून विकत आणलेल्या माद्यांना वाणाच्या माता समजू नये. त्यांच्या पोटी तुमच्या घरात जन्मलेल्या, वेळेवर वेगळ्या केलेल्या मुलींपासून तुमचा वाण सुरू होतो.

नागपूरचे पाणी, नागपूरचे ऊन

पाण्याच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान आहेत. गप्पीला किंचित क्षारयुक्त, जड पाणी मानवते. पेंच आणि कन्हानचे नळाचे पाणी त्याला चालते, बोअरचे पाणीही चालते. आरओचे निव्वळ पाणी मात्र चालत नाही. त्यात क्षार उरलेले नसतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, पावसाळ्यात गढूळपणामुळे त्याची मात्रा वाढते. पाणी बादलीत भरून एअर पंप लावून दिवसभर ठेवावे किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन वापरावे. एकदा नळाचे, एकदा बोअरचे असा खेळ करू नका. गप्पी जड पाणी सोसतो, झटका सोसत नाही. आठवड्यातून एकदा एक तृतीयांश पाणी बदलावे.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तेच ३.५ अंशांवर उतरले. गप्पीला २४ ते २७ अंश पाणी लागते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ६.९. मासा मात्र गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागतो. म्हणून मे महिन्यात टाकीत गर्दी ठेवू नये, खाणे निम्म्यावर आणावे आणि एअर पंप बंद पडू देऊ नये. लोडशेडिंगसाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावा.

विदर्भाचे ऊन कोरडे असते, याचा फायदा घ्या. टाकीचे झाकण काढून वर जाळी बसवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. वाण फार मोलाचा असेल तर त्यातले निवडक मासे रुंद तोंडाच्या मातीच्या माठात, ओल्या वाळूवर, घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवावेत. अशा दिवसांत पाणी भराभर आटते, पण क्षार मागेच राहतात. नुसती भर घालत राहिल्यास पाणी जड होत जाते. थोडे जुने पाणी काढूनच नवे घाला. डिसेंबर-जानेवारीत हीटर हवाच.

या हवामानावरून पैदाशीचे वेळापत्रक ठरवावे. ऑक्टोबर-नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट हे पिल्लांचे चांगले महिने. मे आणि अर्धा जून विश्रांतीचे. नर-माद्या वेगळ्या असल्याने तुम्हाला पैदास थांबवता येते. मिश्र टाकी ठेवणाऱ्याला ती सोय नाही.

चार टाक्या

एका वाणाला किमान चार टाक्या लागतात, प्रत्येकी वीस लिटरच्या आसपास: निवडलेल्या जोडीची, पिल्लांची, वाढत्या नरांची आणि वाढत्या माद्यांची. दोन वाण पाळायचे तर आठ टाक्या. जागा चारच टाक्यांची असेल तर एकच वाण पाळा. प्रत्येक टाकीत स्पंज फिल्टर पुरतो. तो पिल्लांना ओढून घेत नाही. तळाला वाळू नको, उघडा तळ साफ करणे सोपे. जोडीच्या टाकीत जावा मॉस किंवा हायड्रिलाचा झुपका ठेवा, कारण आईच पिल्ले खाते. पिल्ले दिसली की त्याच दिवशी ती वेगळी करावी.

पिल्लांना पहिले तीन आठवडे दिवसातून चार-पाच वेळा चिमूटभर खाणे हवे. उत्तम म्हणजे आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची ताजी पिल्ले. लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, खालून हवा, साधारण २८ अंशांचे पाणी. चोवीस तासांत अंडी फुटतात. आर्टेमियाची ही पिल्ले गाळून, गोड्या पाण्यात धुऊन घाला. मोठ्या माशांना डासांच्या अळ्या आवडतात आणि त्या फुकट मिळतात, पण अळ्यांसाठी ठेवलेली बादली जाळीने बंद हवी आणि आठवड्याच्या आत रिकामी करायला हवी. नाहीतर माशांच्या नावाखाली तुम्ही मोहल्ल्यासाठी डास पाळाल.

तिसरा आठवडा

वाण टिकतो किंवा बिघडतो तो इथे. पिल्ले अठरा-वीस दिवसांची झाली की दर दोन-तीन दिवसांनी तपासणी सुरू करावी आणि पस्तिसाव्या दिवसापर्यंत चालू ठेवावी. जाळीत पकडून हातावर पाहू नये. पारदर्शक ग्लासात एकेक पिल्लू पाण्यासकट घ्यावे, ग्लास खिडकीच्या उजेडासमोर धरावा आणि भिंग लावून पोटाखाली पाहावे.

पोटाखालच्या मागच्या परावर नजर ठेवा. मादीत तो पर त्रिकोणी, पसरट राहतो. नराच्या त्याच पराचे पुढचे काटे लांबू लागतात, पर अरुंद होतो आणि मागे टोकदार वळतो. पुढे त्याचीच नळी होऊन मीलनाचे इंद्रिय बनते. मादीच्या गुदद्वाराजवळ पोटावर एक गडद ठिपका दिसू लागतो. अल्बिनो आणि फिक्या वाणांत हा ठिपका गडद नसतो, तिथे पराच्या आकारावरच विसंबावे. शेपटीत रंग दिसेपर्यंत वाट पाहू नका. रंग दिसतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

शंका आली तर पिल्लू नरांच्या टाकीत टाका. चुकून मादी नरांत गेली तर ती एकटी बाद होते. चुकून नर माद्यांत गेला तर आठवडाभरात सगळ्या माद्या बाद होतात, आणि ते कळायलाही महिना जातो.

निवड: तीन बैठका

निवड एका दिवसात उरकू नये. पहिली बैठक तीन आठवड्यांना: वाकड्या कण्याचे, तळाला बसून राहणारे, न पोहणारे पिल्लू बाजूला काढा. दुसरी दोन महिन्यांना: वाढ खुंटलेले, फाटक्या किंवा तिरक्या शेपटीचे काढा. तिसरी चार महिन्यांना: तेव्हा जोडी ठरवायची.

पाहण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी पाठ, पोहणे आणि भूक. मग शरीराची जाडी आणि शेपटीचा बुंधा. रुंद शेपटी पेलायला बुंधा भक्कम लागतो. मग शेपटीचा आकार, आणि सगळ्यात शेवटी रंग. बहुतेक लोक उलटे जातात. रंगावर भाळून बारीक, आजारी नर निवडतात आणि दोन पिढ्यांत सगळी टाकी बारीक होते.

सगळ्यात आधी रंगलेला नर टाळावा. गप्पीचा नर वयात आला की त्याची वाढ जवळपास थांबते. सहा आठवड्यांत झगझगणारा नर म्हणजे सहा आठवड्यांत वाढ थांबलेला नर. त्यालाच दर पिढीत बाप केले तर मासा दर पिढीत लहान होत जाईल. थोडा उशिरा रंगणारा, पण अंगाने मोठा नर निवडा.

कोणाचे गुण कोणाला जातात

गप्पीवरच्या वंशशास्त्राचा पाया १९२०च्या दशकात डेन्मार्कमध्ये घातला गेला. ओइविंड विंगे यांनी दाखवून दिले की गप्पीच्या नराच्या रंगनक्षीतले काही गुण वाय गुणसूत्रावरून थेट बापाकडून मुलाकडे जातात. मुलीत ते येतच नाहीत. म्हणजे तुमच्या नराची खास नक्षी अशी असेल, तर ती पुढच्या पिढीतल्या मुलांत दिसेल.

पण सगळे गुण तसे नसतात. शेपटीचा आकार, अंगाचा रंग यांत आईचा वाटाही असतो, आणि आई तो अंगावर दाखवत नाही. मग मादी निवडायची कशी? तिच्या भावांवरून. ज्या वेतातले नर सगळ्यात चांगले निघाले, त्याच वेतातली जाड बुंध्याची मादी निवडा. यासाठी वेते एकमेकांत मिसळू न देणे गरजेचे असते.

अल्बिनोसारखे गुण लपून राहतात. अल्बिनो नर आणि साध्या वाणाची मादी यांची सगळी पिल्ले दिसायला साधीच असतात. त्याच पिल्लांचे आपसात मीलन केले की सरासरी चारांत एक अल्बिनो निघतो. चाळीसांत दहाच्या आसपास. पहिली पिढी साधी निघाली म्हणून ती फेकून देणारा माणूस हाती आलेले गमावतो.

आता नात्यातल्या मीलनाचा हिशेब. मूळ जोडी परस्परांची नातेवाईक नसेल, तर सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत आंतरप्रजननाचे प्रमाण २५ टक्के येते, त्यांच्या पुढच्या पिढीत ३७.५ आणि तिसऱ्या पिढीत ५० टक्के. बाप-लेकीच्या पिल्लांतही ते २५ टक्केच असते. एकसारखेपणा याच वाटेने येतो, आणि लपलेले दोषही याच वाटेने वर येतात. वेतातली पिल्ले कमी होणे, वाकड्या पाठी वाढणे, मासा लहान होणे आणि साध्या बदलालाही मर होणे ही धोक्याची चिन्हे आहेत.

म्हणून एका वाणाच्या दोन शाखा ठेवाव्यात, अ आणि ब. दोन्हींत तीन-चार पिढ्या आपापली निवड चालू द्यावी. मग अ चा उत्तम नर ब च्या मादीला द्यावा. मासा पुन्हा दणकट होतो आणि वाणही तोच राहतो. बाहेरचे रक्त आणायचे असेल तर नवा मासा थेट मुख्य टाकीत कधीही सोडू नये. वेगळ्या टाकीत त्याची दोन पिढ्या परीक्षा घ्यावी, मगच आत आणावा.

निवडीची ताकद किती असते हे पाहायचे तर रोहूकडे पाहा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर १९९२ साली वेगवेगळ्या नद्यांतले रोहू गोळा करून निवड-पैदास सुरू केली. दर पिढीत वाढीचा वेग सुमारे १७ टक्क्यांनी वाढत गेला. देशाच्या स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात या वाणाचे ‘जयंती रोहू’ असे नामकरण झाले. तिथे अनेक नद्यांचे मासे एकत्र आणले आणि प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवली. पाया रुंद आणि नोंद पक्की, हीच दोन सूत्रे घरच्या टाकीलाही लागू पडतात.

वही

स्मरणशक्तीवर पैदास करता येत नाही. प्रत्येक वेताला एक पान द्या. उदाहरणार्थ: ‘अ-३. बाप अ-२, नर १. आई अ-२, मादी ४. जन्म १४ ऑक्टोबर. पिल्ले ३१. तीन आठवड्यांना काढली ४, पाठ वाकडी २. दोन महिन्यांना नर १३, माद्या १४. ठेवले: नर २, माद्या ३. कारण: शेपटीच्या कडा सरळ, अंग मोठे.’ यातले शेवटचे कारण सगळ्यात महत्त्वाचे. एक मासा का ठेवला हे लिहिता आले नाही, तर तो ठेवायला नको होता. प्रत्येक टाकीवर मास्किंग टेप लावून तोच क्रमांक मार्करने लिहा. महिन्याला एकदा, एकाच जागेवरून आणि एकाच उजेडात निवडलेल्या नराचा फोटो काढून ठेवावा. दोन वर्षांनी वाण पुढे गेला की मागे, हे फोटोच सांगतात.

या दिशेने जाऊ नका

जन्मभर त्रास होईल असा गुण वाण म्हणून जपू नये. बलून मॉलीचे गोल पोट हा वाकलेल्या कण्याचा परिणाम आहे. पॅरट सिक्लिडचे तोंड नीट मिटत नाही. शेपटी एवढी जड की नर पोहू शकत नाही, असा गप्पीही याच यादीत येतो. अंगात रंग टोचलेले किंवा रंगवलेले मासे तर घेऊच नयेत; तो रंग पिल्लांत उतरत नाही.

चमकणारे ‘ग्लो’ मासे निवडीतून आलेले नाहीत. सिंगापूरच्या विद्यापीठात १९९९ साली झेब्रा माशात परक्या जिवाचे जनुक घालून ते तयार झाले आणि पुढे अमेरिकेत विकले जाऊ लागले. आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या जिवांना १९८९च्या नियमांनुसार केंद्राच्या समितीची मंजुरी लागते. ती नसताना असे मासे विकणे, पाळून वाढवणे कायद्यात बसत नाही.

उरलेल्या माशांचे काय

तीस पिल्लांतून पाच ठेवली तर पंचवीस उरतात. हा प्रश्न पहिल्याच वेतात येतो, त्यामुळे उत्तर आधीच ठरवून ठेवा. सुदृढ पण वाणाबाहेरचे मासे मित्रांना, शाळेच्या टाकीला किंवा ओळखीच्या दुकानदाराला द्यावेत. ज्याला चांगला माल मिळतो तो दुकानदार साधा मालही घेतो. घरच्या बंद टाकीत डासांसाठी ठेवता येतात.

फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा किंवा कुठल्याही विहिरी-नाल्यात सोडू नका. एकच मादी सुटली तरी गप्पी वाढतो, कारण तिच्या पोटात शुक्राणू साठवलेले असतात. सकरसारखे मत्स्यालयातून सुटलेले मासे देशातल्या अनेक नद्या-तलावांत डोकेदुखी झाले आहेत. मार्बल्ड क्रेफिशची गोष्ट आणखी बोलकी. जर्मनीच्या मत्स्यालय व्यापारात १९९०च्या दशकात दिसलेला हा जीव स्वतःच स्वतःचा क्लोन काढतो. एकच सुटला तरी पुरतो. मादागास्करच्या भातशेतीपर्यंत तो पोहोचला आहे.

जगण्यासारखी अवस्था नसलेला मासा असेल तर त्याला तडफडत ठेवू नका. छोट्या भांड्यात टाकीचेच पाणी घेऊन त्यात लवंगेचे तेल चांगले घुसळून मिसळा. मासा झोपी जातो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही दहा मिनिटे तसाच ठेवा.

विकायचा विचार असेल तर

पहिले वर्षभर विकण्याचा विचार करू नका. सलग तीन पिढ्या निम्म्याहून अधिक नर एकसारखे निघाले की वाण विकण्याजोगा झाला समजा. गिऱ्हाइकाला माद्या देताना त्या वेगळ्या वाढवलेल्या आहेत की गाभण, हे स्पष्ट सांगा. या धंद्यात नाव याच एका गोष्टीवर होते.

काम वाढवायचे असेल तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घराच्या परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश झालेला आहे. सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना ६० टक्के अनुदानाची तरतूद त्यात ठेवली गेली. सध्याचे नियम आणि अर्जाची मुदत जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ फुटाळा तलावाच्या रस्त्यावरच आहे, आणि त्याचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला. माशांचा रोग, पाण्याची तपासणी किंवा पैदाशीची अडचण असेल तर दुकानातली औषधाची बाटली विकत घेण्याआधी तिथे विचारा.

पावसाळा संपता संपता सुरुवात करा. ऑक्टोबरमध्ये पहिले वेत मिळाले तर मे उजाडण्याआधी दोन पिढ्या हाताशी येतात. वही मात्र मासे आणण्याआधी विकत घ्या.